छोटी गाडी, मोठा घाट

आपल्याकडे स्वयंसेवक म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो छातीवर कागदी बिल्ला लावून जत्रेत दोरी धरून उभा राहिलेला मुलगा. एका दिवसाचे काम, भोवती माणसांचा समुद्र आणि संध्याकाळी देवळाच्या आवारात जेवण! तेही पुण्याचेच काम आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण स्वयंसेवेचा आणखी एक प्रकार असतो. त्यात बिल्ला नसतो, गर्दी नसते, फोटो तर नसतोच. दर रविवारी तेच काम, तीच खोली आणि तीच चार माणसे. गेल्या दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंत मी अशाच एका कामात गुंतले होते.

काम होते रेल्वेचे. हसू नका, मंडळी! निवृत्त शिक्षिकेला रेल्वेत कोण घेणार? पण ही रेल्वे टेबलावर मावणारी होती. डिचोली तालुक्यातल्या एका शाळेच्या रिकाम्या खोलीत आम्ही कॅसलरॉक ते कुळे या घाटाची छोटी, पण खरोखर चालणारी रेल्वे उभी केली. विज्ञानाचे सर, काही पालक, पाचवी ते नववीची मुले आणि या सगळ्यांचे गुरू म्हणजे एक अज्जा.

अज्जा मूळचे लोंढ्याकडचे, घरची भाषा कन्नड. उभी नोकरी रुळांवर गेली. गँगमन म्हणून लागले, मग की-मन झाले आणि शेवटी गँगचे मेट. आता वयाची सत्तरी ओलांडून लेकीकडे डिचोलीत राहतात. कुळ्याच्या वरचा घाट त्यांना आपल्याला स्वयंपाकघरातले डबे ठाऊक असावेत तसा ठाऊक आहे. कुठल्या वळणावर पावसात दगड सुटतो, कुठल्या मोरीखाली पाणी तुंबते, हे ते डोळे मिटून सांगतात. अडचण एवढीच की हे सगळे ऐकायला घरात कुणी नव्हते. नातू सातवीत, इंग्रजी शाळेत. आजोबांचे कन्नड त्याला निम्मे समजे आणि नातवाचे इंग्रजी आजोबांना अजिबात समजत नसे. सीमेवरच्या आपल्या घरांतून हे चित्र नवे नाही. माझे माहेर पेडण्याचे, सासर खानापूरकडचे. आमच्या सासूबाई हिशेब मराठीत करत आणि रागावत कन्नडात. त्यामुळे मला दोन्ही भाषा पोटापुरत्या येतात. आमच्या नंतरच्या पिढीचे मात्र विचारू नका.

आता कुणी म्हणेल, डिचोलीचा आणि रेल्वेचा संबंध काय? संबंध नाही, हेच तर दुखणे! डिचोली शहरातून रेल्वे जात नाही. गाडी पकडायची तर थिवी गाठावी लागते. आमच्या पेडण्यालाही गाडी आली ती कोकण रेल्वेबरोबर. १९९८ मध्ये ती रेल्वे देशाला अर्पण झाली, आणि सगळ्यात जास्त रडवले ते पेडण्याच्या बोगद्याने. तिथे कातळ नाही, मऊ चिकणमाती. पाणी लागले की ती आपली जागा सोडते. ऑगस्ट २०२० मध्ये त्या बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला, जुलै २०२४ मध्ये आत पाणी घुसले आणि दोन्ही वेळा गाड्या खोळंबल्या. माहेरी फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, “बोगदो बरो आसा मगो?”

पण गोव्यातली पहिली रेल्वे पेडण्याची नव्हे, घाटातली. मुरगाव बंदरापासून निघालेला हा मार्ग १८८७ मध्ये सावर्ड्यापर्यंत आणि १८८८ मध्ये सरहद्दीपर्यंत खुला झाला. जमीन पोर्तुगिजांच्या ताब्यातली, कंपनी इंग्रजांची आणि पलीकडे जोडायचे ते सदर्न मराठा रेल्वेला. नाव ‘मराठा’ आणि मुख्य कचेरी धारवाडला! आपल्या घरांसारखीच ही रेल्वेही जन्मापासून दोन भाषांची. सरहद्दीमुळे कॅसलरॉकला आणि कुळ्याला जकातीची तपासणी होई. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमांवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला, पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीला रक्त सांडले. त्या वर्षी भारताने नाकेबंदी केली आणि सरहद्द ओलांडणारी रेल्वे थांबली. मुक्तीनंतर ती पुन्हा सुरू झाली. एवढा इतिहास आपल्या अंगणात असताना मुलांना आगगाडी माहीत असते ती कार्टूनमधली. म्हणून सरांनी हा घाट मुलांच्या हातून करून घ्यायचे ठरवले.

पहिल्या रविवारी खोलीत वीस-बावीस माणसे होती. दसरा नुकताच झाला होता, पेडण्याला भगवतीच्या पुनवेची तयारी चालली होती, पाऊस संपून उन्हे स्वच्छ पडली होती. सगळ्यांना वाटले, आठ दिवसांत गाडी पळेल. पुण्याला कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय काहींनी पाहिले होते. १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. सिग्नल पडतात, गाड्या धावतात, दिवे लागतात. तसेच काहीतरी झटपट होईल अशी आमची समजूत! ते संग्रहालय उभे राहण्यामागे किती वर्षांची हौस आणि घाम आहे, हे तिकीट काढून बघणाऱ्याला दिसत नाही.

सर म्हणाले, सगळे खऱ्याच्या ८७ पट लहान करायचे. जगभरचे हौशी लोक हेच प्रमाण वापरतात. मुलांनी लगेच वह्या काढल्या आणि खरी गंमत सुरू झाली. कॅसलरॉक ते कुळे मार्ग सुमारे २६ किलोमीटर. भागिले ८७ केले तर जवळजवळ तीनशे मीटर! आमची खोली आठ मीटरची. दूधसागरची उंची ३१० मीटर धरली तरी साडेतीन मीटरचा धबधबा हवा, आणि छत दहा फुटांवर. पेडण्याचा दीड किलोमीटरचा बोगदा करायचा म्हटले तर नुसत्या बोगद्यालाच सतरा मीटर लागले असते. मुलांनी गणिताच्या तासाला कधी इतके भागाकार आनंदाने केले नसतील. शेवटी ठरले की घाटातला एकच तुकडा करायचा, दूधसागरच्या पुलाच्या अलीकडचा-पलीकडचा, आठ मीटर लांबीचा.

मग अज्जांनी पहिला खोडा घातला. एका पालकांनी मुंबईहून तयार रूळ मागवले होते. अज्जांनी ते हातात घेतले, अंगठ्याने रुंदी मोजली आणि खाली ठेवले. म्हणाले, “हे आमचे नव्हेत.” आम्हाला कळेना. सरांनी फूटपट्टी लावली. रुंदी साडेसोळा मिलिमीटर. ८७ ने गुणले तर १,४३५ मिलिमीटर. ही झाली युरोप-अमेरिकेतली रुंदी. आपला घाट पूर्वी मीटर गेजचा, म्हणजे बरोबर १,००० मिलिमीटर. १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला, म्हणजे १,६७६. बाजारातला रूळ यांतला कुठलाच नव्हता. अज्जांनी ज्या रुळांवर तारुण्य घालवले ते मीटर गेज. करायचा तर तोच घाट करायचा, असे त्यांचे म्हणणे.

खोलीत दोन तट पडले. “अहो अज्जा, बघणाऱ्याला काय कळणार आहे?” असे बहुतेकांचे मत. ते चुकीचे होते असेही नाही. बघणाऱ्याला खरोखरच कळले नसते. पण अज्जा एवढेच म्हणाले, “बघणाऱ्याला नाही कळणार. ज्यांनी टाकले त्यांना कळेल.” टाकणारे बहुतेक आता हयात नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होते. त्यावर कुणी काही बोलले नाही. तयार रूळ परत गेले.

मीटर गेजसाठी हौशी लोक बारा मिलिमीटर रुंदी धरतात, कारण त्या मापाची चाके मिळतात. हिशेबाने साडेअकरा यायला हवी. “अर्धा मिलिमीटर माफ,” असा निकाल अज्जांनी दिला आणि काम सुरू झाले. आता हे काम कसे असते ते गृहिणींना सांगते, कारण शेवया करण्याइतकेच ते चिवट आहे. एका बाजूला तांब्याचा पातळ थर असलेली पट्टी घ्यायची. तिचे एकवीस मिलिमीटर लांबीचे तुकडे करायचे. हे झाले स्लीपर. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध कानशीने तांबे खरवडून रेघ पाडायची. ती नाही पाडली तर डाव्या रुळातली वीज उजव्यात शिरते आणि गाडी जागची हलत नाही. मग दर आठ मिलिमीटरवर एकेक स्लीपर मांडायचा, वर निकेल-सिल्व्हरचा सुईसारखा रूळ धरायचा आणि तापलेल्या कथलाच्या थेंबाने चिकटवायचा. आठ मिलिमीटरला एक, म्हणजे आठ मीटरला एक हजार स्लीपर. हजार स्लीपर, हजार रेघा, दोन हजार थेंब!

माझ्या वाट्याला रेघा आल्या. दुपारी दोन ते पाच. कानस धरून बोटांना घट्टे पडले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “ह्या वयात लोक काशीला जातात, तुम्ही कानस घेऊन बसलात!” पण सांगते, त्या घासण्यात मन असे काही शांत होत असे की जपमाळेची आठवण यावी.

सगळ्यांना मात्र तसे वाटले नाही. दिवाळी आली, नरकासुराच्या तयारीत मोठी मुले गेली. ते साहजिकच. दिवाळीनंतर काही परतली, काही नाही. तुळशीचे लग्न झाले, लग्नसराई सुरू झाली. मार्गशीर्षात जत्रा, दशावतारी नाटकांची जागरणे. पहिल्या रविवारचे बावीस होते, त्याचे नऊ झाले, नवाचे पाच. पालकांचा जो गट आधी फोनवर रोज सूचना पाठवत असे तो गप्प झाला. स्वयंसेवेची कसोटी लागते ती इथे. सुरुवातीला उत्साह असतो, शेवटी टाळ्या असतात. मधले दोन महिने नुसते घासायचे असते.

इंग्लंड-वेल्समध्ये या मधल्या महिन्यांवरच छोट्या रेल्वे जगतात. वेल्समधली तालिलिन नावाची अरुंद रुळांची रेल्वे बंद पडायच्या बेतात होती. १९५० मध्ये हौशी लोकांनी एकत्र येऊन मंडळ स्थापले आणि १९५१ पासून ती स्वतः चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली ती पहिली रेल्वे. उन्हाळ्यात पर्यटक येतात, शिट्ट्या वाजतात. पण हिवाळ्यात, थंडी-पावसात कुजलेले स्लीपर बदलायचे, खडी भरायची, हेही तिथे स्वयंसेवक करतात. आपल्या गोव्याच्या कितीतरी घरांतली माणसे पोर्तुगीज पासपोर्टवर ज्या स्विंडन शहरात जाऊन राहिली, तेही मुळात रेल्वेच्या कारखान्याचे गाव. तो कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. पण तिथल्या कोट वॉटर तळ्याकाठी मुलांना बसवून फिरवणारी छोटी रेल्वे आहे, आणि ती हौशी यंत्रकारांची संस्था चालवते. कारखाना गेला तरी हातातली कला जाऊ द्यायची नाही, एवढीच त्यामागची जिद्द.

आपल्याकडे ऋतू उलटे. आपली रेल्वे घाबरते ती पावसाला. माथेरानची दोन फुटी गाडी १९०७ पासून धावते, पण पावसाळ्यात नेरळहून वर जात नाही. घाटातली खरी परीक्षा आषाढ-श्रावणात आणि डागडुजी शरदापासून पुढे. अज्जा सांगत, पावसात रात्री कंदील घेऊन रुळांवर गस्त घालायची. जळवा पायाला. समोर दरड दिसली तर पुढे धावत जाऊन रुळावर फटाका बांधायचा, त्याच्या आवाजाने ड्रायव्हर सावध होई. दसरा आला की सुटकेचा श्वास, पण लगेच कामाला. चर साफ करायचे, खडी ठोकायची, सैल झालेले सगळे पुन्हा आवळायचे. “गाडी दिसते ती सगळ्यांना. गाडीच्या आधी चालून गेलेला माणूस कुणाला दिसतो?”

हे सगळे अज्जा अर्धे मराठीत, अर्धे कन्नडात सांगत, आणि नातू ऐकत असे. आधी त्याला खोलीत ओढून आणावे लागे. कथलाचा थेंब कसा पाडायचा हे शिकताना मात्र तो रमला. “हंगल्ल, हिंग!” असे म्हणत अज्जा त्याचे मनगट धरून वळवत. असे नाही, असे. “निधान, तम्मा, निधान.” हळू, बाळा, हळू. दोन महिन्यांत पोरगा आम्हालाच “निधान” म्हणून दटावू लागला! शब्द तोंडात कसे येतात पाहा. पुस्तकातून आले नाहीत, हात भाजू नये म्हणून आले.

पौषात अज्जांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी वाकून काम करायला, धुरात बसायला मनाई केली. तेव्हा अडीचशे स्लीपर शिल्लक होते. मला वाटले, आता थांबले. पुढच्या रविवारी सर आणि मी अशी दोनच माणसे येणार, अशी मनाची तयारी करून गेले. तर नातू आधीच येऊन बसलेला. अज्जा दाराशी खुर्चीत, डोळ्यांना काळा चष्मा. दिसत काही नव्हते, पण कान सावध. कथील बरोबर बसले की बारीक चुर्र आवाज येतो, कमी तापले की येत नाही. अज्जा आवाजावरून सांगत, “हा कच्चा. परत.” आणि पोरगा निमूट परत करी. ते चार रविवार मी विसरणार नाही. संक्रांतीला त्याची आई तिळगूळ आणि एळ्ळु-बेल्ल एकाच डब्यात घेऊन आली. आम्ही कथलाचे हात धुऊन खाल्ले.

रूळ पुरा झाला आणि नवीनच संकट! खऱ्या घाटाचा चढ सदतीसला एक. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. आम्हीही तसाच धरला होता, साधारण साडेसात मीटरला वीस सेंटिमीटर. डोळ्यांना तो चढ वाटतही नाही. पण इंजिनाला वाटला! मुलांनी मीटर गेजवरच्या वायडीएम-४ या डिझेल इंजिनाची वीतभर प्रतिकृती प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून मोटरवर बसवली होती. सपाटीवर ते सहा डबे घेऊन ऐटीत जाई. चढावर आले की चाके जागीच गरगर. एक पालक म्हणाले, चढ कमी करा. मुले अज्जांकडे बघू लागली. अज्जा खुशीत हसत होते. म्हणाले, “आता खरा घाट झाला!”

मग त्यांनी सांगितले की खऱ्या घाटातही एका इंजिनाने भागत नाही. गाडीच्या मागे ढकलायला इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. पुढचा ओढतो, मागचा ढकलतो आणि उतरताना मागचाच धरूनही ठेवतो. मुलांनी दुसरी मोटर आणली. एकाने वडिलांच्या मासळीच्या जाळ्यातल्या शिशाच्या गुंड्या आणल्या आणि इंजिनाच्या पोटात भरल्या, म्हणजे वजनाने चाके रूळ धरतील. आणि गाडी चढली! अगदी हळू, थरथरत, पण चढली. चढ कमी केला असता तर गाडी त्याच दिवशी चढली असती, पण बँकर कशाला असतो हे एकाही मुलाला कळले नसते.

सजावटीवरूनही वाद झाले, आणि तेच मला मोलाचे वाटतात. मुलांनी दूधसागरसाठी भरपूर कापूस आणला. अज्जा म्हणाले, आपण घाट मार्गशीर्षातला केला आहे, तेव्हा पाणी इतके नसते. कापूस निम्मा झाला. मुलांना पुलावर फोटो काढणारे पर्यटक हवे होते. अज्जांना हवा होता फक्त एक की-मन, खांद्यावर हातोडा घेऊन चालणारा. ८७ पट लहान केला तर माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. नातवाने तो तारेचा केला. एका मुलीने विचारले, दुसरा रूळ घालायचा का, कारण दुपदरीकरणाचे तिने ऐकले होते. मोलेच्या जंगलासाठी २०२० मध्ये गोव्यात मोठे आंदोलन झाले आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या घाटातल्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, हे सरांनी समजावून सांगितले. आमचा घाट जुन्या काळचा, म्हणून रूळ एकच राहिला. पण सातवी-आठवीची मुले जंगल, हत्तींची वाट आणि कोळशाच्या गाड्या यांवर तासभर भांडली. असे भांडण वर्गात घडवून आणायला मी तीस वर्षे धडपडले होते!

सगळ्यात अवघड प्रश्न पाचवीतल्या एका छोटीने टाकला. “टीचर, हातूंत आमची डिचोली खंय?” खरेच की! डिचोलीच्या मुलांनी बनवलेल्या रेल्वेत डिचोलीच नाही. स्टेशन नसताना खोटे स्टेशन दाखवायचे नाही, हा तर अज्जांचा नियम. दोन रविवार त्यावर खल झाला. मग सुचले ते मुलांनाच. डिचोलीचे खनिज बार्जमधून मांडवीने मुरगावला जात आले आणि घाटातली रेल्वेही मुरगावलाच पोचते. म्हणून शेवटच्या छोट्या टेबलावर मुरगाव बंदर झाले, नारळाच्या पोयीची बार्ज झाली आणि तिच्यात आमच्या अंगणातली लाल माती भरली. ज्या मुलीने विचारले तिच्याच वडिलांची बार्जवरची नोकरी २०१२ च्या खाणबंदीत गेली होती. तिने माती स्वतःच्या हाताने भरली.

आणि पाट्या! कॅसलरॉकच्या पाटीवर कन्नड, हिंदी आणि इंग्रजी. कन्नड कोण लिहिणार? नातवाला ती लिपी येत नव्हती. पहिल्यांदा त्याने ती चित्रासारखी उतरवली. अज्जांचा डोळा तोवर बरा झाला होता. भिंग लावून त्यांनी पाटी पाहिली आणि एका अक्षराचा फाटा उलटा आहे म्हणून पुसायला लावली. मग कागदावर अक्षरे गिरवणे सुरू झाले. आधी स्टेशनचे नाव, मग त्याचे स्वतःचे, मग अज्जांचे. कन्नडात स्टेशनला ‘निल्दाण’ म्हणतात, उभे राहायची जागा. आपण ‘थांबा’ म्हणतो. दोन्ही शब्दांत एकच अर्थ, हे मुलांना केवढे नवल वाटले! बोगद्याला अज्जा ‘सुरंग’ म्हणत, आणि आमच्या मुलांना तो शब्द किल्ल्यांमुळे आधीच ठाऊक होता.

शिवरात्रीच्या आदल्या रविवारी शाळेत पालक आले, गाडी घाट चढली, टाळ्या पडल्या. बहुतेकांनी विचारले, इंजिन कुठून आणले? रुळांकडे पाहून “हे हाताने केले?” असे विचारणारे दोघेच निघाले. अज्जांना त्याचे वाईट वाटले नाही. ती त्यांच्या जन्माची सवय.

मला मात्र यातून एक गोष्ट पक्की कळली. आपल्या घरात कुणी ना कुणी अज्जा, आजोबा, मामा, आत्या असतात, ज्यांच्या हातात एखादे काम असते. कुणी बार्जवर होते, कुणी गिरणीत, कुणी तंबाखूच्या वखारीत, कुणी बसस्थानकावर. आपण त्यांना म्हणतो, “एकदा सगळे सांगा ना, रेकॉर्ड करून ठेवते.” ते दोन वाक्ये सांगतात आणि गप्प होतात. कारण काम तोंडात नसते, हातात असते. हाताला काम दिले की तोंड आपोआप उघडते, आणि ज्या भाषेत ते काम केले त्या भाषेत उघडते. शेजारी बसलेल्या मुलाला मग ती भाषा शिकवावी लागत नाही.

पुढच्या दसऱ्याला पेडण्याचा बोगदा घ्यायचा बेत आहे. सतरा मीटर जागा नाही, म्हणून त्याचाही एक तुकडाच होणार. मऊ माती कशी दाखवायची, त्यातून पाणी कसे झिरपवायचे, यावर मुलांची डोकी आतापासून चालू आहेत. माझ्या भावाने मालप्याहून मातीची पिशवी पाठवायचे कबूल केले आहे. तुमच्या गावात रेल्वे नसेल, तर तुमचे जे असेल ते घ्या. गुऱ्हाळ घ्या, हातमाग घ्या, पाटाचे पाणी घ्या. माप खरे ठेवा आणि मधल्या रविवारी या. दिवाळीच्या आधी बावीस माणसे येतील, त्यांचे स्वागत करा. पौषात पाच उरतील. त्या पाचांसाठी चहा थोडा कडक करा!